डायर वुल्फ खरंच परत आला का?

एप्रिल २०२५ मध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच दिवशी चार जणांनी एकच व्हिडिओ पाठवला. दोन पांढरीशुभ्र पिल्लं, तोंड वर करून हुंकार द्यायचा प्रयत्न करतायत. खाली ओळ होती: दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसा झालेला डायर वुल्फ पुन्हा जन्मला. सातवीतल्या भाचीचा लगेच फोन आला. “मामा, हे खरं आहे का? मग आता डायनासोर पण आणणार?”

डायनासोरचं उत्तर फोनवरच देता आलं. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या मातीत सापडला आणि तो सुमारे २० लाख वर्षांचा आहे. डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. त्यांच्या डीएनएचं वाचण्याजोगं काही उरलेलंच नाही. डायर वुल्फचं उत्तर मात्र फोनवर देता येईना. “नाही” म्हणावं तर तिचा पुढचा प्रश्न तयार होता: “मग ती पिल्लं कोण आहेत?” हा लेख म्हणजे तिला दिलेलं सविस्तर उत्तर. या प्राण्याच्या बाबतीत आपण एकच चूक दोनदा केली आहे, आणि दुसऱ्यांदा तर उलट्या बाजूने केली आहे, असं मला वाटतं. ते का, हे कळायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

## हा प्राणी होता तरी कसा

डायर वुल्फ हा अमेरिका खंडांतला प्राणी. उत्तरेला कॅनडापासून दक्षिणेला थेट बोलिव्हियापर्यंत त्याची हाडं मिळाली आहेत. आशियात किंवा युरोपात तो आपल्या लांडग्यासारखा पसरलेला नव्हता. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस, म्हणजे साधारण १३ ते १० हजार वर्षांपूर्वीच्या काळात, तो नाहीसा झाला.

एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेमुळे अनेकांच्या मनात घोड्याएवढ्या लांडग्याचं चित्र बसलं आहे. प्रत्यक्षात तो तेवढा मोठा नव्हता. हाडांवरून काढलेलं त्याचं सरासरी वजन ६० ते ६८ किलोच्या आसपास येतं. अलास्कातले आजचे मोठे करडे लांडगे साधारण एवढेच भरतात. आपल्या माळरानावरचा लांडगा वीस-पंचवीस किलोचा असतो, त्याच्यासमोर मात्र डायर वुल्फ खरोखरच धिप्पाड दिसला असता. फरक होता तो बांध्यात. डोकं रुंद, दाढा जाड, जबडा भक्कम. सुळ्यांनी चावा घ्यायची त्याची ताकद करड्या लांडग्याच्या सव्वापटीहून थोडी जास्तच असावी, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. घोडे, बायसन, उंट, जमिनीवर चालणारे महाकाय स्लॉथ हे त्या काळचे मोठे तृणभक्षी. उत्तर अमेरिकेत तेव्हा रानटी घोडे आणि उंट होते, हे मला स्वतःला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

## डांबराच्या डबक्यात अडकलेले हजारो

या प्राण्याबद्दल आपल्याला इतकं कळलं ते मुख्यतः एका जागेमुळे. लॉस एंजेलिस शहराच्या अगदी मध्यात ‘ला ब्रेया’ नावाची जागा आहे. तिथे जमिनीच्या पोटातून डांबर पाझरून वर येतं आणि हजारो वर्षांपासून येतंय. ते थरथराने पसरतं, वर पालापाचोळा आणि धूळ बसते, आणि खाली चिकट सापळा आहे याचा पत्ता लागत नाही. भर उन्हाळ्यात मऊ झालेल्या डांबरी रस्त्यात चप्पल रुतून बसते, तो अनुभव मनाशी आणा आणि चपलेच्या जागी बायसनचा पाय ठेवा.

अडकलेला बायसन ओरडणार. ते ऐकून शिकारी येणार. आयतं भक्ष्य दिसतंय म्हणून झेप घेणार आणि स्वतःही रुतणार. मग त्यांच्या धडपडीवर आणखी शिकारी येणार. म्हणूनच निसर्गात जे कधीच दिसत नाही ते ला ब्रेयात दिसतं: सापडलेल्या सस्तन प्राण्यांत बहुसंख्य मांसाहारी आहेत. एरवी शंभर हरणांमागे एखादाच वाघ असायचा, इथे सगळं उलटं. त्यातही पहिला नंबर डायर वुल्फचा. आजवर चार हजारांहून जास्त डायर वुल्फची हाडं तिथून निघाली आहेत. तिथल्या संग्रहालयात एक अख्खी भिंत आहे, मागून पिवळा उजेड सोडलेली, आणि तिच्यावर ओळीने ४०४ डायर वुल्फच्या कवट्या मांडल्या आहेत.

एवढी हाडं असली की एकेका प्राण्याच्या आयुष्याचं वाचन करता येतं. मोडून पुन्हा जुळलेली हाडं मिळतात, शिकार करताना लाथा खाल्ल्याच्या खुणा मिळतात, तुटलेले दात मिळतात. इतकं सगळं हाताशी असूनही हा प्राणी नक्की कोणाच्या घरातला, हे शंभर-दीडशे वर्षं कोणाला नीट कळलं नव्हतं.

## आडनावाचा घोळ

इथे दोन शब्द एकदाच समजून घेऊ. शास्त्रात प्रत्येक जीवाला जोडनाव असतं. त्यातला पहिला शब्द ‘प्रजाती’चा, दुसरा ‘जाती’चा. (बातम्यांत दोन्हींसाठी सरसकट प्रजाती हाच शब्द वापरतात, त्यामुळे गोंधळ वाढतो.) प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे त्या आडनावातलं एकेकाचं नाव असं समजा. ‘कॅनिस’ या आडनावात करडा लांडगा आहे, कोल्हा आहे, अमेरिकेतला कायोटी आहे आणि आपल्या दारातला कुत्राही आहे. या सगळ्यांवर जे मोठं घराणं, त्याला श्वानकुल म्हणतात. आपल्याकडच्या खोकडाचं आणि रानकुत्र्याचं आडनाव वेगळं, घराणं मात्र तेच.

डायर वुल्फचा पहिला जबडा १८५४ मध्ये इंडियाना राज्यात एव्हान्सव्हिलजवळ ओहायो नदीच्या पात्रात मिळाला. जोसेफ लायडी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तो तपासला, हा नामशेष लांडगा आहे असं ठरवलं आणि त्याला ‘कॅनिस प्रायमीव्हस’ असं नाव दिलं. पुढे लक्षात आलं की हे नाव आधीच घेतलेलं आहे. काठमांडूत राहणारे ब्रिटिश अधिकारी ब्रायन हॉजसन यांनी ते १८३३ मध्येच हिमालयातल्या रानकुत्र्याला देऊन ठेवलं होतं. हा रानकुत्रा म्हणजे ताडोब्यात, मेळघाटात दिसणारा आपला कोळसुंदा. म्हणजे अमेरिकेतल्या या प्राण्याचं पहिलंवहिलं नाव कोळसुंदाच्या मालकीचं निघालं. हा कोळसुंदा या गोष्टीत आणखी एकदा येणार आहे.

मधल्या काळात लायडींना नेब्रास्कातही काही हाडं मिळाली आणि १८५८ मध्ये त्यांनी ‘कॅनिस डायरस’ हे नाव मांडलं. डायरस म्हणजे भयंकर. तेच टिकलं. १९१८ मध्ये जॉन मेरियम या अभ्यासकाने म्हटलं की हा प्राणी इतका वेगळा आहे की त्याला स्वतंत्र आडनाव हवं. त्याने ‘ईनोसायॉन’ हे आडनाव सुचवलं, त्याचाही अर्थ भयंकर कुत्रा असाच. ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. हाडं लांडग्यासारखी, दात लांडग्यासारखे, मग वेगळं बिऱ्हाड कशाला? त्यानंतर शंभर वर्षं डायर वुल्फ हा करड्या लांडग्याचा जवळचा भाऊ म्हणूनच पुस्तकांत नांदला.

## तरस पाहिलाय ना?

दिसण्यावरून नातं ठरवायला गेलं की कशी फसगत होते, याचं उदाहरण आपल्या रानातच आहे. जुन्नर-शिरूर भागात किंवा सोलापूरकडे रात्री रस्ता ओलांडणारा तरस पाहिला, तर कोणीही म्हणेल की हा कुत्र्याच्या जातीचा. तोंड लांबट, पाय उंच, अंगावर पट्टे, चाल लंगडी. पण तरसाचं नातं कुत्र्यापेक्षा मांजराशी जवळचं आहे, आणि मुंगूस तर त्याच्या भावकीतलाच.

मोकळ्या माळावर लांब पल्ला चालायचा, हाडं फोडायची, दुरून वास घ्यायचा. ज्याला ही कामं करायची त्याचं शरीर पिढ्यान्‌पिढ्या त्याच साच्यात घडत जातं, मग तो कोणत्याही घराण्यातला असो. नांगर धरून धरून दोन अनोळखी शेतकऱ्यांच्या तळहातांना एकाच जागी घट्टे पडतात, म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. शास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात: नातं लांबचं, काम सारखं, म्हणून रूप सारखं. हाडं तपासणाऱ्याला घट्टे दिसतात. रक्ताचं नातं पाहायचं तर डीएनए हवा.

## २०२१ मध्ये डीएनए काय बोलला

डीएनए म्हणजे शरीर कसं घडवायचं याची पेशीपेशीत ठेवलेली पोथी. मेल्यावर ही पोथी फाटू लागते. ऊन, पाणी, जंतू यांनी तिचे तुकडे-तुकडे होतात. हजारो वर्षांनी हाती येतं ते वाळवी लागलेल्या पोथीच्या चुऱ्यासारखं काहीतरी, त्यात बुरशीचे आणि जंतूंचे कागद मिसळलेले. ला ब्रेयाच्या हजारो हाडांतून तर वाचण्याजोगा डीएनए मिळालाच नाही. तिथून मिळालं ते फक्त प्रथिन.

म्हणून संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अमेरिकेतल्या इतर ठिकाणची हाडं गोळा केली. ४६ नमुने तपासले, त्यातल्या फक्त पाचांत कामाचा डीएनए निघाला: आयडाहो, वायोमिंग, ओहायो आणि टेनेसी या राज्यांतला, १३ हजार ते ५० हजार वर्षं जुना. जानेवारी २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला आणि संशोधकांनाही तो अनपेक्षित होता.

डायर वुल्फची वाट आजच्या लांडग्यांच्या वाटेपासून सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वीच फुटली होती. तुलनेसाठी सांगतो, माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. म्हणजे फरक जवळपास त्याच तोडीचा. या अभ्यासात जी वंशावळ तयार झाली तिच्यात करडा लांडगा, कायोटी, कोल्हा आणि कोळसुंदा हे सगळे एका फांदीवर येतात. डायर वुल्फची फांदी त्याआधीच सुटलेली. सासवडच्या माळावरचा लांडगा डायर वुल्फपेक्षा ताडोब्यातल्या कोळसुंदाच्या जास्त जवळचा निघाला! मेरियमचं शतकभर अडगळीत पडलेलं आडनाव बाहेर काढण्यात आलं, आणि आता हा प्राणी ‘ईनोसायॉन डायरस’ या नावाने ओळखला जातो. त्या आडनावातलं आज कोणीही जिवंत नाही.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त विलक्षण वाटते. करडे लांडगे आशियातून उत्तर अमेरिकेत पोहोचले आणि किमान दहा हजार वर्षं डायर वुल्फच्या शेजारी राहिले. कायोटीही तिथेच होते. तरीही या अभ्यासात त्यांच्यात संकर झाल्याची खूण सापडली नाही. श्वानकुलात हे नवल आहे, कारण जवळचे नातेवाईक भेटले की सहज जोड्या जमवतात. लांडगा आणि कुत्रा तर जमवतातच. पुण्याजवळच्या गवताळ रानात लांडगा आणि भटक्या कुत्र्याच्या संकरातून जन्मलेली जनावरं अभ्यासकांनी डीएनए तपासून २०२३ मध्ये सिद्ध केली आहेत. इथे मात्र शेजार हजारो वर्षांचा असूनही सोयरीक झाली नाही. दोघं दिसायला सारखे होते, पण एकमेकांचे राहिले नव्हते.

ही आपली पहिली चूक. लांडग्यासारखा दिसतो म्हणून दीडशे वर्षांहून अधिक काळ आपण त्याला लांडगा म्हणत राहिलो.

## मग ती पांढरी पिल्लं कुठून आली

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डॅलसमध्ये ‘कोलोसल बायोसायन्सेस’ नावाची कंपनी आहे. नामशेष प्राणी परत आणणं हे तिचं जाहीर ध्येय. ७ एप्रिल २०२५ रोजी तिने तीन पिल्लं जगासमोर आणली: १ ऑक्टोबर २०२४ ला जन्मलेले रोम्युलस आणि रीमस हे दोन नर, आणि ३० जानेवारी २०२५ ला जन्मलेली खलीसी ही मादी.

काम असं झालं. ओहायोतला १३ हजार वर्षं जुना दात आणि आयडाहोतली ७२ हजार वर्षं जुनी कवटी यांतून डीएनए काढला. कवटीतलं कानाच्या आतलं हाड फार घट्ट असतं, त्यात डीएनए टिकून राहतो. तुकडे जुळवून पोथीचा बराच भाग वाचला. मग एका जिवंत करड्या लांडग्याच्या रक्तातून पेशी घेतल्या. त्यांच्या डीएनएमध्ये क्रिस्पर या तंत्राने बदल केले. क्रिस्पर म्हणजे डीएनएच्या पोथीत नेमकी ओळ शोधून तिथला मजकूर बदलणारी कात्री. बदललेल्या पेशीचं केंद्रक कुत्रीच्या अंडपेशीत बसवलं आणि तयार झालेले गर्भ पाळीव कुत्र्यांच्या माद्यांच्या गर्भाशयात वाढवले.

यातली शेवटची पायरी, म्हणजे क्लोनिंग, आता नवी नाही. १९९६ मध्ये स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी अशीच जन्मली, आणि आपल्याकडे हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये म्हशीची क्लोन केलेली रेडकं जन्मली. अवघड होतं ते एकाच प्राण्यात एकदम इतके बदल करणं, आणि ती कामगिरी मोठी आहे याबद्दल शंका नको.

आता आकडा पाहा. एकूण बदल २०, तेही १४ जनुकांत. त्यातले १५ डायर वुल्फच्या डीएनएवरून घेतलेले. उरलेले पाच कुत्र्या-लांडग्यांत आधीपासून माहीत असलेले, फिकट रंगासाठी वापरलेले. का, तर डायर वुल्फचे स्वतःचे रंगाचे काही बदल लांडग्यात घातले तर बहिरेपणा किंवा आंधळेपणा येण्याचा धोका होता, असं कंपनीनेच सांगितलं. पिल्लांची काळजी म्हणून हा निर्णय योग्यच होता. पण मग ज्या पांढऱ्याशुभ्र रंगामुळे तो व्हिडिओ सगळीकडे पसरला, तो रंग डायर वुल्फच्या पोथीतून आलेला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

## “पण ९९.५ टक्के सारखेच होते ना?”

हा प्रश्न बरेच जण विचारतात. डायर वुल्फ आणि करडा लांडगा यांचा डीएनए ९९.५ टक्के सारखा आहे असं कंपनीचं म्हणणं आहे. मग अर्ध्या टक्क्यासाठी एवढा हट्ट कशाला?

हिशेब करून पाहू. लांडग्याच्या डीएनएच्या पोथीत सुमारे २४० कोटी अक्षरं आहेत. एका जाडजूड कादंबरीत पाच लाख अक्षरं धरली, तर ही ४,८०० कादंबऱ्या झाल्या. तालुक्याच्या गावचं एखादं ग्रंथालयच. अर्धा टक्का म्हणजे १ कोटी २० लाख अक्षरांचा फरक, दर पुस्तकात अडीच हजार. त्यातल्या २० जागा बदलल्या. वीस पुस्तकांना एकेक दुरुस्ती झाली असं धरलं, तरी उरलेल्या ४,७८० पुस्तकांना हात लागलेला नाही.

यावर कोणी म्हणेल की सगळी अक्षरं सारख्या महत्त्वाची नसतात, आणि ते बरोबर आहे. पुष्कळ फरक असे असतात की त्यांनी काही बिघडत नाही, जसं ‘आणि’च्या जागी ‘व’ लिहिलं तरी अर्थ तोच राहतो. पण कोणते फरक कामाचे आणि कोणते बिनकामाचे, हे डायर वुल्फच्या बाबतीत ठरवणार कसं? त्यासाठी जिवंत डायर वुल्फ हवा. कंपनीने अंगकाठी, केस, डोक्याचा आकार अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींशी जोडलेले फरक निवडले. पचन कसं होतं, रोगांशी कसं लढतो, माज कधी येतो, पिल्लं किती महिने आईजवळ राहतात, हे सगळं त्या न उघडलेल्या पुस्तकांत आहे. आणि टक्क्यांचंच बोलायचं तर माणूस आणि चिंपांझीचा डीएनए साधारण ९८.८ टक्के जुळतो. चिंपांझीत वीस बदल करून त्याला कोणी माणूस म्हणणार नाही.

कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच सुमारास एक नवा अभ्यासही मांडला. डायर वुल्फचा वंश दोन जुन्या शाखांच्या मिश्रणातून तयार झाला आणि त्यातली एक शाखा लांडग्यांच्या बाजूची होती, असं त्यात म्हटलं आहे. तो मांडला गेला तेव्हा इतर तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलेला नव्हता. वंशावळीत पुढे दुरुस्ती होऊ शकते, शास्त्रात ती व्हायलाच हवी. पण डायर वुल्फ लांडग्याच्या थोडा जवळ सरकला, तरी वीस दुरुस्त्यांनी लांडगा डायर वुल्फ होत नाही.

## “दिसतो तसा, मग म्हणायला काय हरकत?”

कंपनीची बाजू अशी की जाती म्हणजे काय, याची एकच व्याख्या शास्त्रात नाही. जीवाश्मांच्या जाती तर आपण दिसण्यावरूनच ठरवतो. मग जो डायर वुल्फसारखा दिसतो त्याला डायर वुल्फ म्हटलं तर काय बिघडलं?

व्याख्या अनेक आहेत हे खरं. पण दिसण्यावरून ठरवण्याची चूक याच प्राण्याच्या बाबतीत दीडशे वर्षं झाली होती आणि २०२१ मध्येच ती दुरुस्त झाली होती! तेव्हा डायर वुल्फला दिसण्यावरून लांडगा म्हटलं, आता लांडग्याला दिसण्यावरून डायर वुल्फ म्हणायचं. शिवाय रोम्युलस आणि रीमसला शिकवणार कोण? लांडग्याचं पिल्लू शिकार कळपाकडून शिकतं. कोणत्या वाऱ्याला कुठून जायचं, बायसनच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, मेलेल्यावर आधी कोणी तोंड लावायचं. डायर वुल्फच्या कळपाची ही शिकवण १०-१३ हजार वर्षांपूर्वी शेवटच्या कळपाबरोबर संपली. ती कोणत्याही दातात किंवा कानाच्या हाडात उरलेली नाही. ही पिल्लं सुमारे दोन हजार एकरांच्या कुंपणात माणसांच्या देखरेखीखाली वाढली आहेत.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या श्वानकुल तज्ज्ञ गटाने एप्रिल २०२५ मध्येच स्पष्ट केलं की ही पिल्लं डायर वुल्फ नाहीत, आणि त्याच्या जागी निसर्गात काम करू शकतील असे प्रतिनिधीही नाहीत. पुढच्याच महिन्यात कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञ बेथ शपिरो यांनी एका मुलाखतीत मान्य केलं की हे वीस बदल केलेले करडे लांडगेच आहेत. पण ती मुलाखत आमच्या ग्रुपवर एकानेही पाठवली नाही.

## “आपण चित्ता आणलाच की!”

हा आमच्या दाजींचा प्रश्न. उत्तर असं की चित्ता जगातून कधीच संपला नव्हता. तो भारतातून संपला आणि १९५२ मध्ये सरकारने तसं जाहीर केलं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले, ते खरेखुरे जिवंत चित्ते होते. आपल्याकडचा पूर्वीचा चित्ता आशियाई उपजातीचा आणि हे आफ्रिकी, यावर वाद आहे आणि तो असायला हवा. पण ते एका गावचं बियाणं दुसऱ्या गावात पेरणं झालं. डायर वुल्फचं बियाणंच शिल्लक नाही.

## “मग हे तंत्र वायाच गेलं का?”

अजिबात नाही, आणि म्हणूनच मला या खोट्या मथळ्याचं वाईट वाटतं. अमेरिकेत काळ्या पायांचा फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी आहे. आज जिवंत असलेले बहुतेक सगळे फेरेट अवघ्या सात पूर्वजांपासून झालेले, त्यामुळे सगळे एकमेकांचे जवळचे नातेवाईक. १९८८ मध्ये मेलेल्या एका मादीच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. तिचा वंश पुढे चालला नव्हता. त्या पेशींतून १० डिसेंबर २०२० रोजी क्लोन पिल्लू जन्मलं, एलिझाबेथ अ‍ॅन. आटत चाललेल्या विहिरीला नवा झरा मिळावा तशी ही गोष्ट. प्राणी तोच, जात तीच, तिच्यात फक्त हरवलेली विविधता परत आली.

धोका आहे तो शब्दांत. पिल्लं जाहीर झाल्यावर अमेरिकेचे अंतर्गत खात्याचे मंत्री डग बर्गम यांनी त्यांचं स्वागत केलं आणि संवर्धनात नियमांपेक्षा नव्या तंत्रावर भिस्त ठेवावी असा सूर लावला. “संपला तरी परत आणू” हे एकदा लोकांच्या मनात बसलं, की “संपू देऊ नका” म्हणणाऱ्याचं कोण ऐकेल? आपल्या लांडग्याचंच पाहा. भारतात तो जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरला असावा असा अंदाज आहे. डीएनएच्या अभ्यासांतून असंही दिसलं आहे की भारतीय लांडगा हा करड्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या ज्या माळरानांवर तो राहतो त्यांची सरकारी कागदांत पडीक जमीन म्हणून नोंद होते. तिथे प्लॉट पडतात, कचरा पडतो, कचऱ्यामागून भटकी कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागून संकर येतो. पांढऱ्या पिल्लांच्या व्हिडिओइतकी माणसं या लांडग्याच्या बातमीने हलली असती तर किती बरं झालं असतं.

## तो संपला कशाने

भाचीचा हा शेवटचा प्रश्न होता. एका कारणाने नाही. ला ब्रेयाच्या हाडांचं वय नव्याने मोजून २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तिथले डायर वुल्फ सुमारे १२,९०० वर्षांपूर्वीपर्यंत संपले होते. त्याच्या जरा आधीपासून हवा तापत आणि कोरडी होत गेली, माणसांची संख्या वाढली आणि वणवे प्रचंड वाढले. घोडे गेले, उंट गेले, महाकाय स्लॉथ गेले. मोठ्या जनावरांवर पोसलेल्या शिकाऱ्याच्या पानातलं मग उरलंच काय? त्याच डबक्यांच्या काठी वावरणारा कायोटी मात्र वाचला. तो लहान, उंदरापासून फळापर्यंत मिळेल ते खाणारा. आजही तो लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर रात्री फिरतो.

ला ब्रेयातलं खोदकाम अजून संपलेलं नाही. संग्रहालयात काचेच्या भिंतीआड एक प्रयोगशाळा आहे. आत बसलेली माणसं, त्यात कितीतरी स्वयंसेवक, ब्रश आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतात तशी बारीक हत्यारं घेऊन हाडांवरचं डांबर तासन्‌तास साफ करतात, आणि बाहेर शाळेची मुलं काचेला नाक लावून पाहत असतात. भाचीला मी त्या खोलीचा फोटो पाठवला. तिने ४०४ कवट्यांच्या भिंतीचाही मागून घेतला, आणि दोन्ही फोटो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, “खरे डायर वुल्फ इथे आहेत.”